खळवाला पीट आणि मंडळी: एकांकी खलनायकांच्या वाटेला जाताना

१९६५ साली न्यूयॉर्कमधल्या एका वकिलाच्या ऑफिसात विल्बर डे नावाचा एक किरकोळ अंगाचा, चष्मेवाला माणूस येतो. तक्रार अशी, की माझ्या मालकाने माझा शोध ढापला, त्याच्यावर दावा लावायचाय. शोध म्हणजे हायड्रॉलिक यंत्र, लांबच लांब होत जाणारे धातूचे पाय. खरी गोष्ट उलटी असते. शोध मालकाचा, कार्ल कॅक्स्टनचा, आणि ढापलाय याने. तेच पाय लावून, मजलेच्या मजले उंच होऊन, हा चोऱ्या करत असतो. आणि आपल्यासाठी वकील म्हणून तो निवडतो कोणाला, तर मॅट मर्डॉकला. म्हणजे दिवसा वकिली आणि रात्री मुखवटा चढवून गुन्हेगार पकडणाऱ्या डेअरडेव्हिललाच.

हा स्टिल्ट-मॅन. ‘डेअरडेव्हिल’चा ८ वा अंक, लेखक स्टॅन ली, चित्रं वॉली वुडची. शेवटी हा गडी कॅक्स्टनच्या प्रयोगातल्या एका किरणाच्या तडाख्यात सापडतो आणि लहान लहान होत नाहीसा होतो. खेळ खलास.

हे वाचून तुम्हाला हसू आलं आणि मागोमाग ‘असे अजून किती आहेत?’ असा प्रश्न पडला, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. असे पुष्कळ आहेत. अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सच्या अडगळीत एका गोष्टीपुरते आलेले, चित्रविचित्र पोशाखांतले, एकाच कल्पनेवर सगळा संसार मांडलेले शेकडो खलनायक पडून आहेत. मी त्यांना एकांकी खलनायक म्हणतो. एक अंक, एक युक्ती, पडदा. काही पुढे परत आलेही, पण जन्म एकांकीचाच. जोकर, डॉक्टर डूम, लेक्स ल्युथर ही पाच अंकी नाटकवाली मंडळी. त्यांच्यासाठी दुसरीकडे भरपूर लिहिलेलं आहे.

पायरी पहिली: अंकाचा पत्ता वाचायला शिका

नवखा माणूस अडखळतो तो इथे. ‘बॅटमॅन अंक २७’ असं कोणी सांगितलं, की आधी विचारायचं, कुठल्या साली? कारण १९४५ मध्येही ‘बॅटमॅन’चा २७ वा अंक निघाला आणि २०१७ मध्येही. कंपन्या मध्येच मोजणी मोडून पुन्हा १ पासून सुरू करतात. ‘बॅटमॅन’ २०११ मध्ये १ वर आलं आणि २०१६ मध्ये पुन्हा एकदा. म्हणून मालिकेचं नाव, अंक आणि साल हे तिन्ही मिळाल्याशिवाय शोधाशोध करू नका, चुकीचा अंक हाती लागतो.

दुसरं, मुखपृष्ठावरचा महिना म्हणजे अंक बाजारात आला तो महिना नव्हे. स्टॉलवाल्याने अंक जास्त दिवस मांडून ठेवावा म्हणून त्यावर दोन-तीन महिने पुढची तारीख छापायची जुनी रीत होती. ऑगस्ट छापलेला अंक अमेरिकेतल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच, म्हणजे जूनमध्येच, पोरांच्या हातात असायचा. खाली मी जी सालं देतोय ती छापलेली.

पायरी दुसरी: हे लोक इतके विचित्र का, ते समजून घ्या

हे न समजता वाचायला बसलात, तर चार अंकांत कंटाळाल आणि ‘काय पोरकटपणा’ म्हणून सोडून द्याल. पोरकटपणा तर आहेच, पण त्यालाही कारणं आहेत.

१९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्सविरुद्ध मोठं वादळ उठलं. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असा घोषा लावला, सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःच स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. कॉमिक्स कोड. गुन्हेगार आकर्षक दिसता कामा नये, गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे, रक्तपात नको, भुतंखेतं नकोत. आता तुम्ही बॅटमॅनचे लेखक आहात असं समजा. खून दाखवायचा नाही, भीती दाखवायची नाही, पण गुन्हेगार तर हवाच. मग तो कसा असेल? पतंग उडवणारा असेल, ठिपक्यांचे कपडे घालणारा असेल.

त्यात भर म्हणजे त्या काळात बॅटमॅनच्या एकेका अंकात बहुतेकदा तीन-तीन छोट्या गोष्टी असायच्या. एका अंकाला तीन कल्पना लागणार, पुढच्या अंकाला आणखी तीन. बिल फिंगर हा बॅटमॅनचा खरा कष्टकरी लेखक. त्याच्याकडे कल्पना आणि चमत्कारिक माहिती टिपून ठेवलेल्या वह्या होत्या. प्रचंड मोठे टाइपरायटर, प्रचंड मोठी नाणी, असल्या गोष्टींची त्याला भारी हौस. पतंगवाला त्याचाच आणि ठिपकेवालाही त्याचाच. बॅटमॅनच्या निर्मात्यांत त्याचं नाव अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडलं. तोवर त्याला जाऊन ४१ वर्षं झाली होती.

जॅक शिफ संपादक होता तोवर बॅटमॅनमध्ये हा बाजार भरलेला राहिला. १९६४ मध्ये ज्युलियस श्वार्ट्झ आला आणि त्याने बरीचशी झाडलोट केली. त्यामुळे बॅटमॅनपुरतं बोलायचं तर १९५४ ते १९६४ हा दशकभराचा पट्टा म्हणजे एकांकी खलनायकांचं मुख्य खोरं. खणायला तिथूनच सुरुवात करायची.

पायरी तिसरी: पहिले तीन, याच क्रमाने

आधी कॅलेंडर मॅन. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ अंक २५९, सप्टेंबर १९५८. याचं खरं नाव ज्युलियन डे. तारखा, वार, ऋतू यांवर बेतलेले गुन्हे करतो. पहिल्याच गोष्टीत तो बॅटमॅनला आव्हान देतो, की पाच दिवसांत पाच गुन्हे, प्रत्येक एका ऋतूवर. अमेरिकेत ऋतू चार, मग पाचवा कुठला? बॅटमॅन डोकं खाजवतो, आणि उत्तर निघतं हिंदुस्तानातला पावसाळा! कारण कॅलेंडर मॅन हा रंगमंचावर महाराजा नावाने जादूचे प्रयोग करणारा जादूगार निघतो. आपण लहानपणापासून उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन घोकलेले आणि पंचांगात सहा. आपल्याला विचारलं असतं, तर कोडं पहिल्याच पानावर सुटलं असतं.

यानंतर हा माणूस २१ वर्षं गायब. १९७९ मध्ये ‘बॅटमॅन’ अंक ३१२ मध्ये परतला तो वारागणिक वेगळे पोशाख घेऊन. आणि मग १९९६-९७ मध्ये जेफ लोब आणि टिम सेल यांच्या ‘द लाँग हॅलोवीन’ या १३ भागांच्या मालिकेत कोठडीत बसून सूचक, थंडगार बोलणारा कैदी म्हणून दिसला. तेच पात्र, तीच एक युक्ती, पण आता अंगावर काटा. पहिली आणि ही शेवटची, अशा दोन्ही गोष्टी लागोपाठ वाचा. एकांकी खलनायकाचं काय काय होऊ शकतं याची कल्पना त्या दोनांतच येते.

मग काइट मॅन, आपला पतंगवाला. ‘बॅटमॅन’ अंक १३३, ऑगस्ट १९६०, चित्रं डिक स्प्रँगची. पाठीला पतंग बांधून उडतो आणि हत्यारंही पतंगांचीच. खरं नाव चार्ल्स ब्राउन. ‘पीनट्स’ या चित्रपट्टीतला चार्ली ब्राउन आठवा, ज्याचा पतंग दरवेळी झाडात अडकतो. त्यावरूनच हे. अनेक दशकं हा माणूस फक्त चेष्टेचा विषय होता. संक्रांतीला गच्चीवर गेलेल्या आपल्या पोरांना मांजाने बोटं कशी कापतात ते ठाऊक असतं, त्यामुळे पतंग म्हणजे अगदीच गमतीची गोष्ट नव्हे हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये टॉम किंग या लेखकाने नेमका तोच धागा उचलला. वर म्हटलेला ‘बॅटमॅन’चा २०१७ चा २७ वा अंक तो हाच. एक बाप, त्याचा लहान मुलगा आणि एक पतंग. पुढचं सांगत नाही. वाचल्यावर काइट मॅनला हसणं जमत नाही, एवढंच म्हणतो. त्या अंकाने याचं नशीब असं फिरलं, की २०२४ मध्ये त्याच्या नावाने स्वतंत्र कार्टून मालिका निघाली.

तिसरा पोल्का-डॉट मॅन. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ अंक ३००, फेब्रुवारी १९६२, चित्रं शेल्डन मोल्डॉफची. ३०० वा अंक म्हणजे सोहळ्याचा अंक, आणि त्यात पाहुणा कोण, तर अंगभर रंगीत ठिपके चिकटवलेला अब्नर क्रिल. ठिपका काढून फेकला की त्याची करवत होते, एका ठिपक्याची तर पळून जायला उडती तबकडी होते. याहून वेडगळ कल्पना मी तरी पाहिलेली नाही, आणि तरी चित्र म्हणून पान बघा, रंगांची नुसती उधळण आहे. ५९ वर्षांनी, २०२१ मध्ये, जेम्स गनने ‘द सुइसाइड स्क्वॉड’ सिनेमात त्याला आणलं. डेव्हिड डॅस्टमल्चियन या नटाने तो असा काही दुःखी, खांदे पाडून चालणारा माणूस केला, की थिएटरात आधी हशा आणि मग शांतता.

जाता जाता एक नाव. बॅटमॅनच्या गुहेत ते भलंमोठं नाणं उभं असतं ना? ते ज्याच्यावरच्या विजयाची खूण म्हणून आलं, तो पेनी प्लंडरर. जो कॉइन नावाचा चोर, सगळे गुन्हे एक सेंटच्या नाण्यांभोवती. ‘वर्ल्ड्स फायनेस्ट कॉमिक्स’ अंक ३०, १९४७. नाणं गेली पाऊणशे वर्षं जगातल्या सगळ्या बॅटमॅन वाचकांना पाठ आहे, आणि त्याचा मालक कोणाला आठवत नाही. उलट १९९० च्या दशकातल्या कार्टूनने ते नाणं टू-फेस या दुसऱ्याच खलनायकाच्या नावावर चढवलं. चोराच्या घरीच चोरी झाली.

पायरी चौथी: प्रत्येकाला विचारा, ‘आधी नोकरी काय करत होतास?’

माझ्या मते ही सगळ्यात कामाची पायरी. मार्वल कंपनीच्या एकांकी खलनायकांकडे वळलात, की हा प्रश्न किल्लीसारखा चालतो. डीसीचे, म्हणजे बॅटमॅनच्या कंपनीचे, खलनायक एखाद्या छंदातून जन्मतात, मार्वलचे बहुतेकदा नोकरीतल्या कुरबुरीतून.

लेखाच्या नावातला पीट घ्या. पेस्ट-पॉट पीट, खरं नाव पीटर पेट्रुस्की, ‘स्ट्रेंज टेल्स’ अंक १०४, जानेवारी १९६३. हा रसायनं जाणणारा माणूस. त्याने एक जबरदस्त चिकट पदार्थ शोधला, तो बादलीत भरला, बादलीला बंदूक जोडली आणि चित्रकारासारखी टोपी घालून निघाला ह्यूमन टॉर्च या अंगाला आग लावून उडणाऱ्या नायकाशी लढायला. आपल्याकडे निवडणुकीत रात्री पोस्टरं चिकटवणारी पोरं खळीचा डबा घेऊन फिरायची. अगदी तसा. म्हणून मी त्याला खळवाला पीट म्हणतो. हसण्यावारी नेऊ नका, कारण पुढच्याच वर्षी, ‘अव्हेंजर्स’ अंक ६ मध्ये, बॅरन झेमो या खलनायकाच्या न सुटणाऱ्या चिकटद्रव्यात जेव्हा थोर थोर नायक अडकले, तेव्हा ते सोडवायचा उपाय विचारायला तुरुंगात याच्याचकडे जावं लागलं. त्या विषयातला तज्ज्ञ तोच! १९६५ मध्ये ‘फँटास्टिक फोर’ अंक ३८ मध्ये त्याने नाव बदलून ट्रॅपस्टर केलं. पोशाखही रुबाबदार झाला. पण जुनं नाव काही केल्या पाठ सोडत नाही, समोरचा नायक नेमकं तेच काढतो आणि हा चिडतो. गावात एकदा टोपणनाव पडलं की पडलं.

स्टिल्ट-मॅनची नोकरी वर पाहिलीच. बिग व्हील हा जॅक्सन व्हील नावाचा अफरातफर करणारा साहेब. आडनावच चाक! ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ अंक १८३, ऑगस्ट १९७८. टिंकरर नावाच्या कारागिराकडून तो एक राक्षसी धातूचं चाक बनवून घेतो, आत बसतो, इमारतींच्या भिंतींवर चढवतो आणि शेवटी चाकासकट नदीत. टिंकररला पैसे आगाऊ मिळाले होते का, हा प्रश्न मला अजून छळतो.

हिप्नो-हसलर हा डिस्कोच्या काळातला गायक. ‘स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन’ अंक २४, नोव्हेंबर १९७८. आपल्या संगीताने प्रेक्षकांना संमोहित करून लुटतो, बँडचं नाव मर्सी किलर्स. स्वतःवर परिणाम होऊ नये म्हणून कानांवर हेडफोन. स्पायडर-मॅन ते काढून टाकतो आणि गायक आपल्याच गाण्याने गार. इतका सरळ पराभव दुसऱ्या कोणाचा नसेल.

आणि टाइपफेस. हा उशिराचा, २००० सालचा. पाट्या बनवणारा कारागीर, कंपनीत कपात होते, नोकरी जाते, आणि तो तोंडावर अक्षरं काढून, धातूची अक्षरं फेकत सूड घ्यायला निघतो. फ्लेक्स आल्यावर आपल्याकडच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचं काय झालं ते ज्याने पाहिलंय, त्याला हा खलनायक विनोदी वाटायचा नाही. निदान मला तरी नाही वाटला. तोंडाला रंग फासून कोणी बाहेर पडलं नाही इतकंच.

डीसीतही या प्रश्नाची उत्तरं सापडतात. टेन-आइड मॅन, ‘बॅटमॅन’ अंक २२६, नोव्हेंबर १९७०. व्हिएतनामहून परतलेला सैनिक, गोदामावर रखवालदार. अपघातात डोळे जातात, एक डॉक्टर त्याच्या दृष्टीच्या नसा बोटांच्या टोकांना जोडून देतो. दहा बोटं, दहा डोळे. चारी दिशांना एकदम बघता येतं, पण मूठ वळून ठोसा मारायचा कसा, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. रेनबो रेडर हा १९८० चा, फ्लॅश या नायकाचा वैरी. चित्रकार व्हायची इच्छा आणि डोळ्यांनी रंगांध. नाव रॉय जी. बिव्होलो. इंग्रजी शाळेत इंद्रधनुष्याचे रंग लक्षात ठेवायला जी अक्षरं शिकवतात, त्यांचंच नाव केलंय.

पायरी पाचवी: काय नाक मुरडून वाचायचं

सगळंच निरागस नाही. ‘वंडर वुमन’ अंक १५७, १९६५, त्यात एग फू नावाचा एक अवाढव्य अंड्याच्या आकाराचा खलनायक आहे. चिनी माणसाचं अत्यंत ओंगळ व्यंगचित्र, चेहराही तसाच, बोलणंही तसंच. ‘तेव्हाचा काळ तसा होता’ म्हणून खांदे उडवणारे वाचक भेटतील. काळ तसा होता हे खरं, पण त्या काळीही चिनी माणसं अमेरिकेत राहत होती आणि त्यांची मुलं कॉमिक्स वाचत होती. डीसीने २००६ मध्ये हे पात्र चँग त्झू या नव्या नावाने परत आणलं, यावरून कंपनीलाही ते जुनं रूप अडचणीचं वाटत असणार हे कळतं. मी तो अंक एकदा वाचला, पुन्हा उघडलेला नाही.

ॲस्बेस्टॉस मॅनची गोष्ट निराळी. ‘स्ट्रेंज टेल्स’ अंक १११, १९६३. रसायनशास्त्रज्ञ ऑर्सन कॅसलॉफ टॉर्चच्या आगीपासून वाचायला ॲस्बेस्टॉसचा पोशाख शिवतो. तेव्हा ॲस्बेस्टॉस म्हणजे घरोघरचा आगरोधक माल. आज वाचताना त्याच्या फुफ्फुसांची काळजी वाटते.

पायरी सहावी: कोश जवळ ठेवा, आणि एका बारमध्ये जाऊन या

दोन कोश आहेत. मार्वलची ‘ऑफिशियल हँडबुक’ १९८३ मध्ये सुरू झाली आणि डीसीची ‘हूज हू’ १९८५ ते १९८७ मध्ये २६ अंकांत निघाली. अकारविल्हे पात्रं, प्रत्येकाची उंची, वजन, पहिला अंक. ‘हूज हू’ नुसती चाळायलाही मजा येते, कारण सुपरमॅनइतक्याच गंभीर चेहऱ्याने तिथे एखाद्या चिल्लर चोराचीही नोंद असते.

मार्वलच्या हँडबुकमागे मार्क ग्रुनवाल्ड नावाचा लेखक-संपादक होता. अडगळीतल्या प्रत्येक पात्राची कुंडली त्याला तोंडपाठ. आणि याच माणसाने या मंडळींची सगळ्यात मोठी कत्तल केली. खलनायकांना टिपून मारणारा स्कर्ज नावाचा मारेकरी मोकाट सुटलेला असतो. त्याचं काय करायचं हे ठरवायला घाबरलेले किरकोळ खलनायक ओहायोतल्या एका बारमध्ये जमतात. बारचं नाव ‘नाव नसलेला बार’. बारवाला स्कर्जच असतो. ‘कॅप्टन अमेरिका’ अंक ३१९, जुलै १९८६, आणि १८ जण एका झटक्यात गारद. त्यांत टर्नर डी. सेंच्युरीही होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा सभ्य काळ परत आणायचाय म्हणून दोघांच्या उडत्या सायकलवर मागे पुतळा बसवून फिरणारा, सॅन फ्रान्सिस्कोचा एक विक्षिप्त गृहस्थ.

हा अंक वाचकांत अजून भांडणं लावतो. काहींना वाटतं ग्रुनवाल्डने कचरा साफ केला. मला तसं वाटत नाही. ज्याला अठरा जणांची नावं, पोशाख, लकबी इतक्या तपशिलात माहीत आहेत, तो त्यांचा तिरस्कार करत नसतो. पण मारायला नको होतं. टर्नर डी. सेंच्युरीच्या त्या सायकलवर अजून दोन तरी गोष्टी निघाल्या असत्या.

पायरी सातवी: विचित्रपणा मनावर घेणारे लेखक

इथवर आलात की मग पुढची मेजवानी. १९७० च्या दशकात स्टीव्ह गर्बरने जाणूनबुजून वेडगळ पात्रं लिहायला घेतली. ‘जायंट-साइझ मॅन-थिंग’ अंक ५, १९७५, त्यात हेलकाउ आहे. ड्रॅक्युलाने चावल्यामुळे पिशाच झालेली स्वित्झर्लंडची गाय. तिच्याशी लढतो कोण, तर हॉवर्ड नावाचं बदक. असलं लिहिताना गर्बरचा चेहरा जराही हलत नाही, त्यातच गंमत आहे.

ग्रँट मॉरिसनची ‘डूम पेट्रोल’, १९८९ पासून, हे त्याच्या पुढचं पाऊल. १९१६ च्या झुरिकमधल्या दादा कला-चळवळीवरून नाव घेतलेली ब्रदरहुड ऑफ दादा ही खलनायकांची टोळी, आणि तिच्यात द क्विझ नावाची बाई. समोरच्याने ज्या शक्तीचा विचार केलेला नाही, ती प्रत्येक शक्ती तिच्याकडे आहे. तिच्याशी लढायचं तर जमतील तेवढ्या शक्तींची नावं मनात घोकत बसायचं! नवख्यांनी हे आधी वाचू नये. साधे ठिपके आणि पतंग पचल्याशिवाय मॉरिसनची चव लागत नाही, उगाच डोकं धरून बसाल.

त्यापेक्षा जॉन ऑस्ट्रँडरची १९८७ ची ‘सुइसाइड स्क्वॉड’ घ्या. डीसीच्या अडगळीतले लोक सरकारी कामगिरीवर पाठवायचे आणि कोण परत येईल याची खात्री नाही. त्यांत स्लिपनॉट हा दोरखंडवाला आहे. रसायन कंपनीत न तुटणारा दोर बनवणारा कामगार. त्याच्या मनगटावर स्फोटक पट्टा असतो. दुसरा एक बदमाश त्याला पटवतो, की पट्टा खोटा आहे, जा पळून. तो पळतो आणि हात गमावतो. ९ व्या अंकात. या मालिकेत एकांकी खलनायकाला मरणाची खरी भीती वाटते. हलकंफुलकं हवं असेल, तर निक स्पेन्सर आणि स्टीव्ह लीबर यांची ‘सुपीरियर फोज ऑफ स्पायडर-मॅन’, २०१३-१४, एकूण १७ अंक. दुय्यम खलनायकांचा रोजचा संसार, उसनवारी, एकमेकांना फसवणं. मी तिची पारायणं केलीयत.

पायरी आठवी: मिळवायचं कसं

मूळ अंकांच्या मागे लागू नका. एखाद्या पात्रावर सिनेमा येणार अशी कुजबुज सुरू झाली, की काल कोणी विचारत नव्हतं तो अंक आज परवडेनासा होतो. मार्वलचे ‘इसेन्शियल’ आणि डीसीचे ‘शोकेस प्रेझेंट्स’ हे कृष्णधवल, वर्तमानपत्री कागदाचे, पाचेकशे पानांचे ठोकळे बघा. आता नवे छापत नाहीत, पण जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यांत सापडतात. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी मला काही मिळाले. ठोकळ्यात सगळे रंग काळे-पांढरे होतात हा तोटा, पण भाव असा असतो, की तक्रार करायला जागा उरत नाही. फोनवर वाचायचं तर मार्वलचं वर्गणीचं ॲप आहे, त्यात जुने ‘स्ट्रेंज टेल्स’ आणि ‘डेअरडेव्हिल’ भरपूर आहेत.

आणि विकी वाचून समाधान मानू नका. विकीवर हिप्नो-हसलर दोन ओळींचा आहे. अंकात त्याचे बूट बघायला मिळतात.

पायरी नववी: वही घाला

चार रकाने आखा. नाव, अंक आणि साल, आधीची नोकरी, कशाने हरला. तिसरा रकाना भरताना गोष्ट नीट वाचावी लागते आणि चौथा भरताना लेखकाची हुशारी किंवा घाई, जे असेल ते उघडं पडतं. माझ्या वहीत तिसऱ्या रकान्यात ‘रसायनं’ इतक्यांदा आलंय, की आता मी नुसतं ‘र’ लिहितो. चौथ्यात ‘नदीत पडला’, ‘हेडफोन काढले’, ‘स्वतःच चोरलेल्या यंत्रापायी’. पेस्ट-पॉट पीटच्या पुढे तिथे अजून रेघच आहे. तो हरतो, तुरुंगात जातो, बादली भरून परत येतो.